फ्ल्यूची लस : आईबापांच्या शंका आणि विज्ञानाची उत्तरे



मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की घरोघरी शिंका आणि खोकला ऐकू येऊ लागतो. बालवाडीतले एक मूल आजारी पडते आणि आठवड्याभरात निम्मा वर्ग तापाने फणफणतो. अशा वेळी डॉक्टर विचारतात, "बाळाला फ्ल्यूची लस दिली आहे का?" आणि आईबापांच्या मनात शंकांची रांगच उभी राहते. ही लस खरेच लागते का? तिनेच ताप आला तर? दर वर्षी का टोचायची? एवढे पैसे कशासाठी खर्चायचे?

या शंका हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. शंका ही विज्ञानाची पहिली पायरीच होय. मात्र पहिल्याच पायरीवर बसून राहिले तर माडी कधीच दिसत नाही. म्हणून आज आपण या शंका एकेक करून हाती घेऊ आणि त्या कशा तपासायच्या ते पाहू.

मे २०२१ मधील नगर जिल्हा

तुम्ही लहान असतानाची गोष्ट आहे. मे २०२१ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कोरोनाची दुसरी लाट चालू होती. त्या एका महिन्यात जिल्ह्यातील अठरा वर्षांखालील आठ हजारांहून अधिक मुलांना कोरोनाची लागण झाल्याचे तपासणीत आढळले. त्यांपैकी बहुतेकांना काहीही त्रास झाला नाही. पण बातमीने आईबापांच्या काळजाचा ठोका चुकला. त्याच सुमारास राज्यातील बालरोगतज्ज्ञांच्या कृतिदलातून एक सूचना आली : पावसाळ्यापूर्वी लहान मुलांना फ्ल्यूची लस द्यावी.

पुष्कळांचा गोंधळ उडाला. आजार कोरोनाचा आणि लस फ्ल्यूची, हे कसे? तज्ज्ञांचा विचार असा होता : फ्ल्यूची लस कोरोनाला अडवत नाही, पण ताप, खोकला, अंगदुखी ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असतात. फ्ल्यूचे रुग्ण कमी झाले तर घबराट कमी होईल, तपासण्यांचा भार कमी होईल आणि रुग्णालयातील खाटा मोकळ्या राहतील. सूचनेमागचे कारण नीट सांगितले की निम्मी शंका तिथेच मिटते, हे येथे ध्यानात ठेवा.

जामखेडने शिकवलेला धडा

याच जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा गोवर किंवा देवी म्हणजे देवीचा कोप, अशी समजूत खेडोपाडी होती. त्रिगुणी लस टोचली की मुलाला ताप येई, ते रात्रभर किरकिरे, मग "धडधाकट लेकराला कशाला आजारी पाडता?" असे आया विचारत. प्रश्न अगदी रास्त होता. लस निरोगी मुलाला देतात. त्रास आज दिसतो, फायदा मात्र दिसत नाही. कारण न झालेला आजार दाखवायचा कसा?

डॉक्टरांनी यावर एक उपाय केला. गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला जामखेडला शिकवावे. यांतल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण गावातली भाषा त्यांना येत होती, कोणाच्या घरी काय दुखते ते ठाऊक होते आणि त्यांचा शब्द गाव मानत होते. ताप का येतो, किती दिवस राहतो, काय करायचे, हे त्या ओसरीवर बसून सांगत. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. पंचवीस वर्षांत ही संख्या तीसच्याही खाली आली. हे एकट्या लसीने झाले नाही. स्वच्छ पाणी, सकस आहार आणि सुरक्षित बाळंतपण यांचाही त्यात मोठा वाटा होता. पण लस घराघरांत पोहोचली ती दटावणीने नव्हे, तर उत्तर दिल्याने. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता याच रीतीने फ्ल्यूच्या लसीबद्दलच्या शंकांना उत्तरे देऊ.

शंका पहिली : फ्ल्यू म्हणजे साधे पडसेच ना?

नाही. पडसे निरनिराळ्या विषाणूंमुळे होते आणि बहुधा नाकापुरतेच राहते. फ्ल्यू हा इन्फ्लुएन्झा नावाच्या विषाणूचा आजार आहे. त्यात अचानक सणसणून ताप भरतो, अंग मोडून येते, कोरडा खोकला सुरू होतो. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. पण पाच वर्षांखालील, त्यातही दोन वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि प्रतिकारशक्ती नवखी असते. फ्ल्यूच्या पाठोपाठ न्यूमोनिया होण्याचा धोका त्यांना अधिक असतो. २०१८ या एका वर्षात जगातील पाच वर्षांखालील सुमारे ११ कोटी मुलांना फ्ल्यू झाला आणि त्याच्याशी निगडित फुप्फुसाच्या आजाराने सुमारे ३५ हजार मुले दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. असे मृत्यू जवळजवळ सगळे विकसनशील देशांत होतात.

या आजाराचे उग्र रूप महाराष्ट्राने दोनदा पाहिले आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेला इन्फ्लुएन्झा त्या पावसाळ्याच्या अखेरीस दख्खनच्या गावोगावी पोहोचला. त्यात भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली. इन्फ्लुएन्झा आणि दुष्काळ यांच्या तडाख्यात १९११ ते १९२१ या दशकात नगर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. पुढे २००९ मध्ये 'स्वाइन फ्ल्यू' आला. भारतातील त्याचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. ती तुमच्याच वयाची एक शाळकरी मुलगी होती.

शंका दुसरी : कार्डावर 'इन्फ्लुएन्झा' लिहिले आहे. मग लस झालीच की!

ही शंका फार मजेशीर आहे आणि तिच्यामागे इतिहासातील एक चूक दडली आहे. सरकारी दवाखान्यात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला पंचगुणी लस देतात. तिच्यातील एक घटक 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ब' या जिवाणूविरुद्ध असतो. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्ल्यूच्या रुग्णांच्या घशात हा जिवाणू सापडला. हाच फ्ल्यूचे कारण असे त्यांना वाटले आणि तसेच नाव पडले. फ्ल्यूचे खरे कारण एक विषाणू आहे, हे १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पण जिवाणूचे नाव तेच राहिले. तेव्हा पंचगुणी लस मेंदूज्वर आणि न्यूमोनिया यांच्या एका कारणापासून वाचवते, फ्ल्यूपासून नव्हे. दोन्ही लसी निरनिराळ्या आहेत.

शंका तिसरी : इतर लसी एकदाच, ही दर वर्षी का?

फ्ल्यूचा विषाणू हा पक्का बहुरूपी आहे. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने काट्यांसारखी उभी असतात : हीमॅग्लुटिनिन (एच) आणि न्युरामिनिडेज (एन). पहिल्याच्या साहाय्याने तो आपल्या पेशीला चिकटतो आणि दुसऱ्याच्या साहाय्याने नवे विषाणू पेशीतून सुटून बाहेर पडतात. एच१एन१, एच३एन२ ही नावे याच प्रथिनांवरून पडली आहेत. आपले शरीर या काट्यांची ओळख ठेवते आणि त्यांच्यावर नेमकी बसणारी प्रतिपिंडे तयार करते. परंतु या विषाणूची नक्कल होताना वारंवार चुका होतात. काट्यांची घडण थोडी थोडी बदलत जाते आणि गेल्या वर्षीची प्रतिपिंडे यंदाच्या काट्यांवर नीट बसत नाहीत. शिवाय लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांनी ओसरूही लागते.

म्हणून जगभरातील प्रयोगशाळा वर्षभर रुग्णांच्या घशातील नमुने तपासत असतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्यांपैकीच एक आहे. या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते वाण घ्यावेत ते सुचवते. महाराष्ट्रात फ्ल्यूचा मोठा भर पावसाळ्यात असतो, थंडीच्या शेवटी दुसरा लहानसा भर येतो. म्हणून आपल्याकडे पाऊस सुरू होण्याआधी लस घेणे सोयीचे ठरते. प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

शंका चौथी : लसीनेच फ्ल्यू झाला तर?

लस कशी बनते ते पाहा. बहुतेक लसींसाठी हा विषाणू कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यात वाढवतात. नंतर रसायनाने तो निष्क्रिय करतात, त्याचे तुकडे करतात आणि हवी ती प्रथिने शुद्ध करून घेतात. टोचण्याच्या लसीत जिवंत विषाणू नसतोच. तोडलेल्या झाडाच्या फळ्या मातीत पुरल्या तर त्यांतून झाड उगवेल का? तसेच हे. नाकात फवारण्याची लस वेगळी असते. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो नाकातील थंडाव्यात थोडाफार वाढतो; फुप्फुसाच्या उबेत त्याला नीट वाढता येत नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्ल्यूविरुद्ध अशी लस बाजारात आणली होती. ही फवारणी दोन वर्षांवरील मुलांसाठी असते.

मग लसीनंतर ताप का येतो? टोचल्या जागी दुखणे, किंचित सूज, एक-दोन दिवस कसकस हे काही मुलांना होते. शरीर लसीतील प्रथिनांची ओळख करून घेत असल्याची ती खूण आहे. पण दुसरेही एक कारण आहे. लहान मुलांना पावसाळ्याच्या तोंडावर एरवीही सर्दी-ताप येतच असतो. शंभर मुलांना नुसते मिठाचे पाणी टोचले, तरी पुढच्या आठवड्यात त्यांतील काही तापतीलच! म्हणून शास्त्रज्ञ दोन गट करतात. एकाला लस देतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण फ्ल्यूशी संबंध नसलेली सुई देतात आणि कोणाला काय दिले हे आईबापांना वा तपासनिसालाही कळू देत नाहीत. दोन्ही गटांतील ताप मोजला की लसीमुळे आलेला जादा ताप किती, ते कळते. 'नंतर झाले' म्हणजे 'त्यामुळे झाले' असे नव्हे. ते मोजूनच ठरवावे लागते.

शंका पाचवी : लस घेऊनही शेजारचा मुलगा आजारी पडलाच!

हे खरे असू शकते. फ्ल्यूची लस गोवराच्या लसीइतकी भक्कम नाही. लसीतील वाण आणि गावात फिरणारा वाण यांचा मेळ चांगला बसला, तर फ्ल्यू होण्याचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. मेळ बसला नाही तर याहूनही कमी. या टक्क्यांचा अर्थ मात्र नीट समजून घ्या.

समजा, एका गावात २०० लहान मुले आहेत. १०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी घेतली नाही. पावसाळ्यात लस न घेतलेल्यांपैकी २० मुलांना फ्ल्यू झाला. लसीची परिणामकारकता ५० टक्के असेल, तर लस घेतलेल्यांपैकी किती जण आजारी पडतील? '५०' असे उत्तर देऊ नका! २० च्या निम्मे, म्हणजे १० जण. त्या दहांतला एक तुमचा शेजारी असला तर तुम्हांला वाटेल की लस वाया गेली. पण आजारातून वाचलेले दुसरे दहा जण कोण, हे कोणालाच कधी कळणार नाही. त्यांची नावे यादीत नसतात. ती फक्त गणितात दिसतात. शिवाय लस घेतलेल्याला फ्ल्यू झाला तरी तो उग्र होण्याची शक्यता कमी असते.

लसीची कसोटी जागोजागी घ्यावी लागते, याचे एक उदाहरण आपल्या पुण्याचेच आहे. सिरम इन्स्टिट्यूटच्या फवारणीच्या हंगामी लसीची लहान मुलांवर २०१३ मध्ये बांगलादेश आणि सेनेगल या दोन देशांत चाचणी झाली. बांगलादेशात तिची परिणामकारकता सुमारे ५८ टक्के भरली. सेनेगलमध्ये मात्र लाभ दिसला नाही. शास्त्रज्ञांनी दोन्ही निकाल सारख्याच ठळकपणे प्रसिद्ध केले. न आवडणारे उत्तरही लिहून ठेवणे, यालाच विज्ञान म्हणतात.

शंका सहावी : पूर्वी कुठे अपाय झाला होता म्हणतात?

झाला होता, आणि तो सांगायलाच हवा. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्ल्यूच्या धास्तीने सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईने लस दिली. त्यांच्यात हातापायांची ताकद जाण्याचा 'गियाँ-बारे' नावाचा विकार दर लाखामागे सुमारे एकाला जादा आढळला. मोहीम त्याच डिसेंबरात थांबवली. पुढे २००९-१० मध्ये युरोपात वापरलेल्या एका विशिष्ट लसीनंतर काही मुलांना दिवसा अनावर झोप येण्याचा विकार जडला. फिनलंड आणि स्वीडन येथील डॉक्टरांच्या ते लक्षात आले. ती लस आता वापरात नाही.

यांतून दोन गोष्टी कळतात. एक, कोणतीही लस शंभर टक्के निर्धोक नसते. दुसरी, लाखात एखाद्याला होणारा अपायही मोजून सापडतो, कारण लस दिल्यावरही नोंदी ठेवल्या जातात. सध्याच्या लसींनी गंभीर वावडे येण्याचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे सुमारे एक आहे. ते आले तर बहुधा काही मिनिटांतच येते. म्हणूनच सुई टोचल्यावर निदान १५ ते ३० मिनिटे दवाखान्यात थांबायला सांगतात. ज्या मुलाला आधीच्या मात्रेने असे गंभीर वावडे आले असेल, त्याला ती लस देत नाहीत. अंड्याचे वावडे असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. पण आता तेवढ्यावरून लस नाकारत नाहीत. साधे सर्दी-पडसे असले तरी लस चालते, सणसणीत ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबतात.

शंका सातवी : पैसे कोठून आणायचे?

ही सर्वांत अवघड शंका, आणि तिचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना दर वर्षी ही लस द्यावी असे सांगते. पण सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात हिचा समावेश नाही. खासगी दवाखान्यात एका मात्रेला दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास पडतात आणि नऊ वर्षांखालील मुलाला पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन मात्रा लागतात. कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला हा खर्च डोंगराएवढा आहे. अशा आईला अडाणी म्हणणे हाच अडाणीपणा होय.

मग काय करावे? प्रथम, ज्या लसी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात त्या सगळ्या वेळेवर घ्याव्यात. त्यांत न्यूमोकॉकल लसही आहे. फ्ल्यूनंतर होणाऱ्या न्यूमोनियाच्या एका मुख्य कारणापासून ती वाचवते. ज्या मुलाला दमा, हृदयाचा विकार किंवा मधुमेह आहे, त्याच्या फ्ल्यूच्या लसीला घरात अग्रक्रम द्यावा. सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देताच येत नाही; त्याचे रक्षण आईने गरोदरपणी लस घेतल्याने होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली गरोदर स्त्रियांना ही लस मोफत देण्यास प्रारंभ केला. तुमच्या भागात ती मिळते का, याची चौकशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी.

आणि लस घेतली असो वा नसो, धोक्याच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला ओळखता आल्या पाहिजेत : धाप लागणे, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, ओठ निळसर होणे, बाळाने दूध वा पाणी सोडणे, ते मलूल होऊन जागे न होणे, आकडी येणे. यांतली एकही खूण दिसली तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

करून पाहा

१. घरातील लहान भावंड शांत झोपलेले असताना त्याच्या पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या आजारी बाळाचा श्वास मिनिटाला ५० वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० वा अधिक असेल तर ती न्यूमोनियाची खूण असू शकते. ही मोजणी आज शिकून ठेवा. एखाद्या रात्री ती उपयोगी पडेल.

२. वरील उदाहरणात लसीची परिणामकारकता ४० टक्के धरली, तर लस घेतलेल्यांपैकी किती मुले आजारी पडतील? एक आजार टाळण्यासाठी सुमारे किती मुलांना लस द्यावी लागली?

३. ही लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. ती गोठली तरी बिघडते. गावात वीज गेल्यावर आरोग्य केंद्रात लसींची शीतसाखळी कशी राखतात, हे शिक्षकांसह जाऊन पाहा.

४. वर्गात दोन गट करा. एका गटाने आईबापांच्या शंका मांडाव्यात, दुसऱ्याने उत्तरे द्यावीत. अट एकच : उत्तर देणाऱ्याने आवाज चढवायचा नाही आणि जे ठाऊक नाही ते "विचारून सांगतो" असे म्हणायचे. शिक्षकांनी गुण द्यावेत ते पाठांतराला नव्हे, समोरच्याचे म्हणणे नीट ऐकून दिलेल्या उत्तराला.